अजायबघर : गाईड घ्यायचा की आपणच फिरायचे?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एकच वाद रंगतो. आठवीच्या मुलांना काळा घोड्याच्या म्युझियमला न्यायचे, हे ठरलेले असते. मानखुर्दला हार्बर लाइनची गाडी पकडायची, सीएसएमटीला उतरायचे, तिथून दोन-दोनच्या रांगेत चालत जायचे, हेही ठरलेले असते. अडते ते एकाच गोष्टीवर. गाईड घ्यायचा की पोरांना मोकळे सोडायचे? इतिहासाचे सर म्हणतात, "गाईड नसेल तर पोरं नुसती पळत सुटतात." गणिताच्या मॅडम म्हणतात, "गाईड असला की पोरं उभ्या उभ्या झोपतात." दोघेही खरे बोलतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे इतिहासाच्या सहलीबद्दल माझे मत सहसा कुणी विचारत नाही. पण आमच्या ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पमधून मुलांना घेऊन मी इतक्या वेळा गेले आहे की आता मला या वादावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

बी.एड.ला असताना 'क्षेत्रभेट' या विषयाचे पाठ टाचण लिहून घेतले होते. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, साहित्य, मूल्यमापन, सगळे रकाने होते. तिथे गेल्यावर बोलणार कोण, याचा रकाना मात्र नव्हता. मला आता वाटते, सगळे काही त्यावरच अवलंबून असते.

उर्दूत म्युझियमला अजायबघर म्हणतात. अजीबचे अनेकवचन अजाइब, म्हणजे नवलाच्या वस्तूंचे घर. कोलकात्याच्या १८१४ मधल्या इंडियन म्युझियमला तिथले लोक जादूघर म्हणतात. मराठीत आपण संग्रहालय म्हणतो तेव्हा लक्ष जमवाजमवीकडे जाते. अजायबघर म्हटले की ते पाहणाऱ्याच्या उघड्या तोंडाकडे जाते. लाहोरच्या अजायबघराचे वर्णन रुडयार्ड किपलिंगच्या 'किम' या कादंबरीच्या सुरुवातीलाच येते. किपलिंगचे वडील आधी आपल्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते आणि नंतर लाहोरच्या या म्युझियमचे क्युरेटर झाले. कादंबरीत तिबेटहून आलेल्या म्हाताऱ्या लामाला क्युरेटर बुद्धमूर्ती दाखवतो आणि शेवटी आपला चष्मा काढून त्याला देतो. गाईड कसा असावा, हे मला कुणी विचारले तर मी हा प्रसंग सांगते.

पण म्युझियमचा इतिहास पाहिला तर सुरुवातीचे गाईड चष्मा देणारे नव्हते, हाकणारे होते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडले. लोकांसाठी म्हणायचे, पण आत जायला आधी अर्ज करावा लागे, नाव आणि हुद्दा कळवावा लागे, मग कधीतरी तिकीट मिळे. आत गेल्यावर एकट्याने फिरायची मुभा नव्हती. छोटे छोटे गट करून म्युझियमचा माणूस त्यांना पुढे घालून नेई. विल्यम हटन नावाचा बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता १७८४ मध्ये तिथे गेला. हा माणूस लहानपणी रेशमाच्या गिरणीत राबलेला, शाळा फारशी न पाहिलेला. त्याने जवळजवळ दोन शिलिंग मोजून कुणाकडून तरी तिकीट मिळवले. आत त्याने गाईडला विचारले, या वस्तूंची माहिती कोण सांगणार? गाईड त्याच्यावरच खेकसला. सगळेच मी सांगत बसू काय, नावे लिहिली आहेत की, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. अर्ध्या तासात सगळा गट मुक्याने फिरून बाहेर आला. एवढ्या लांबून, एवढ्या हौसेने आलेल्या हटनने आपल्या प्रवासवर्णनात ही निराशा लिहून ठेवली आहे. मी ते वाचले तेव्हा मला आमच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुले आठवली. प्रश्न विचारायचे धाडस केले आणि त्याच क्षणी तोंड बंद झाले, असे त्यांच्याही वाट्याला येते.

ही सक्ती सुटायला पन्नास वर्षे लागली. १८१० मध्ये नीटनेटक्या कपड्यांतल्या माणसाला आठवड्यातले तीन दिवस, गाईडशिवाय, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेने फिरायची परवानगी मिळाली. म्हणजे आज आपण ज्याला 'स्वतःचे स्वतः पाहणे' म्हणतो आणि पैसे वाचवायची युक्ती समजतो, तो मुळात मिळवावा लागलेला हक्क आहे. पुढची गंमत अशी की त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच म्युझियममध्ये लोकांची तक्रार येऊ लागली की आम्हाला समजावून सांगणारे कुणी नाही. १९११ मध्ये तिथे पहिला अधिकृत मार्गदर्शक-व्याख्याता नेमला गेला. फरक एवढाच की आता त्याच्यामागे जायचे की नाही, हे पाहुण्याच्या मर्जीवर होते. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमने कानाला लावायचे बोलणारे यंत्र आणले. आज काळा घोड्यालाही मराठीसह अनेक भाषांत ते यंत्र मिळते. एकट्या माणसाला ते फार चांगले. चाळीस मुलांना ते दिले तर चाळीस मुले चाळीस खोल्यांत बसल्यासारखी होतात आणि कुणी कुणाला कोपराने ढोसून "वो देख" म्हणत नाही. म्हणून मी ते घेत नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. इथले पहिले मोठे म्युझियम भायखळ्याचे, राणीच्या बागेतले. त्याची कथा १८५० च्या दशकात टाऊन बॅरॅक्समध्ये सुरू होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराने त्या बराकी ताब्यात घेतल्या आणि जमवलेल्या वस्तूंची दैना झाली. मग जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवूड या मंडळींनी नव्या इमारतीसाठी खटपट केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ते उघडले. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचे नाव आहे. भाऊ दाजी डॉक्टर होते, तसेच जुने शिलालेख वाचणारेही होते. समोरच्या दगडावरची लिपी आपण स्वतः वाचायची, ही जिद्द असलेल्या माणसाचे नाव म्युझियमला मिळाले, हे मला फार आवडते.

या म्युझियममध्ये मी गाईडशिवाय मुलांना कधीच नेत नाही. कारण सांगते. तिथे मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. निरनिराळ्या जातीजमातींची माणसे, त्यांचे धंदे, त्यांच्या पगड्या. हात फार कसबी आहे. पण या बाहुल्या इंग्रजी अमदानीतल्या आहेत. 'नेटिव्ह' माणसांचे प्रकार पाडायचे, प्रत्येकाला चिठ्ठी लावायची आणि मांडून ठेवायचे, ही त्या काळाची सवय. आता विचार करा, शेजारीच राणीच्या बागेतले प्राणी. मुले पिंजऱ्यांसमोरून येतात, पिंजऱ्यावरची पाटी वाचून येतात आणि पाच मिनिटांनी काचेच्या कपाटातला दाढीवाला माणूस पाहतात, त्याच्याही खाली पाटी. पहिल्या वेळी मी गाईड घेतला नव्हता. एका मुलाने बाहुलीकडे बोट दाखवून शेजारच्याला म्हटले, "ये तेरा दादा," आणि दोघे खिदळले. त्यांचा काही दोष नव्हता. म्युझियमची मांडणीच त्यांना तसे पाहायला शिकवत होती. या बाहुल्या कुणी घडवल्या, कुणाला दाखवण्यासाठी घडवल्या, पगडीवरून माणूस ओळखायची गरज कुणाला होती, हे सांगणारे माणूस तिथे हवेच. वस्तू स्वतःहून हे सांगत नाही. पुढच्या वेळी गाईडने बरोबर हेच सांगितले आणि मुले बाहुल्यांपेक्षा त्या बनवून घेणाऱ्यांबद्दल जास्त प्रश्न विचारू लागली.

काळा घोड्याची गोष्ट वेगळी. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. नोव्हेंबर १९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये इमारत तयार, मग पहिले महायुद्ध आल्यामुळे तिथे लष्करी रुग्णालय, आणि अखेर १० जानेवारी १९२२ ला उद्घाटन. वास्तुविशारद जॉर्ज विटेट, तोच गेटवे ऑफ इंडियाचा. या माणसाने गोऱ्या साहेबांची इमारत बांधताना घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा घेतला आणि आत नाशिकच्या एका वाड्यातल्या लाकडी कमानी बसवल्या. आदिलशाही घुमटाखाली नाशिकचा वाडा! दगड दोन तऱ्हेचा आहे, मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा करडा. हे शेवटचे मला एका गाईडकडून कळले. माझी मुले त्याच सकाळी गाडीतून कुर्ला स्टेशन ओलांडून आली होती. "टीचर, ये अपने कुर्ला का पत्थर है?" म्हणत त्यांनी भिंतीला हात लावून पाहिले. आतल्या एकाही वस्तूला हात लावता येत नाही, पण भिंत त्यांची झाली. मी गाईडशिवाय दहा वेळा त्या भिंतीजवळून गेले असेन.

म्हणजे गाईड घ्यावा? थांबा.

एका वर्षी पैशांची अडचण होती म्हणून आम्ही मुलांना मोकळे सोडले. वही दिली, "आवडलेल्या पाच वस्तू लिहा" म्हटले. पाऊण तासात सगळी परत. पंचवीस वह्यांत पहिल्या क्रमांकावर पेंढा भरलेले प्राणी. दुसऱ्यावर अकबराचे चिलखत, तेही "बहोत भारी है" एवढ्या नोंदीसकट. ते १५८१ सालचे आहे, त्याच्या छातीवरच्या पत्र्यावर धार्मिक वचने कोरलेली आहेत, हे कुणाच्याच वहीत नव्हते. आठवीत उर्दू शिकणाऱ्या, सकाळी मदरशात अरबी वाचणाऱ्या मुलांनी त्या अक्षरांना नक्षी समजून सोडून दिले. मला ते फार लागले. मी स्वतः तिथे उभी होते आणि मीही सांगितले नाही.

आणि गाईडचा दुसरा अनुभव. हे म्युझियम मुंबईतले नाही आणि शहराचे नाव मी लिहीत नाही. शस्त्रांच्या दालनात गाईड काठीने दाखवत चालला होता. "ही मुसलमानी तलवार. ही आपली. हा मुसलमानी खंजीर. हा आपला." अर्ध्या मुली ओढणीत, अर्ध्या मुलांच्या डोक्यावर टोप्या, तरी त्याच्या लक्षात येत नव्हते, किंवा येत होते, म्हणून चालले होते, देव जाणे. एका मुलाने मला हळूच विचारले, "टीचर, आपली म्हणजे कुणाची?" मी त्याला गप्प राहायची खूण केली. शिक्षक म्हणून केलेल्या ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यात ही खूण वरच्या क्रमांकावर आहे.

तिथे मी काय सांगायला हवे होते, ते आता सांगते. मराठे ज्या लांब सरळ पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत, तिचे नावच सांगते की पाते फिरंग्यांच्या मुलुखातून आले. युरोपात घडलेले पाते बंदरावर उतरायचे, मूठ इथला कारागीर बसवायचा आणि ती तलवार पैसे देईल त्याच्या कमरेला जायची. शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सुरुवातीचे सरनौबत नूरखान बेग होते. आरमारात दौलतखान होते. सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढले. त्यांच्या कमरेची तलवार काठीवाल्या गाईडने कुठल्या रांगेत ठेवली असती? नाण्यांचेही तसेच. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीतून निघालेल्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण आहे, पण मजकूर फारसीत आहे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीला १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाकडून परवानगी मिळाली, आणि कंपनीने त्याच घाटणीचे रुपये पाडले. टांकसाळीचे नाव त्यावर फारसी लिपीत 'मुंबई' असे आहे. बॉम्बे नव्हे. इंग्रजांच्या टांकसाळीत आपल्या शहराचे नाव मुंबई म्हणून कोरले जात होते आणि ते वाचायला उर्दूची तिसरी-चौथी पुरेशी आहे. 'आपले' आणि 'त्यांचे' अशा दोन रांगा लावायच्या तर हा रुपया मधोमध फोडावा लागेल.

हे त्या दिवशी माझ्या तोंडातून निघाले नाही, कारण मी गाईडला पैसे दिले होते आणि पैसे दिले की बोलायचा हक्क त्याचा, असे मला वाटत होते. गाईड घेण्यातला खरा धोका हा आहे. चुकीची माहिती नंतर वर्गात दुरुस्त करता येते. पण आपण आपले डोळे आणि जीभ दोन्ही तासाभरासाठी त्याच्या स्वाधीन करतो.

तीन वर्षांपूर्वीची काळा घोड्याची सहल मात्र मला सगळी आठवते. त्या दिवशी आम्हाला मिळालेल्या गाईड एक तरुण ताई होत्या. लघुचित्रांच्या दालनात त्यांनी सांगितले की कागदावरची चित्रे उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती कायम भिंतीवर नसतात, आलटून पालटून लावतात. मग त्यांनी 'अन्वार-ए-सुहैली'बद्दल सांगितले. अकबराच्या चित्रशाळेत सजलेल्या या ग्रंथाची चित्रे म्युझियमकडे आहेत. गोष्टी मात्र पंचतंत्रातल्या. पंचतंत्र इराणात गेले, पहलवीतून अरबीत 'कलीला व दिमना' झाले, पंधराव्या शतकात हुसेन वाइझ काशिफींनी ते फारसीत नव्याने लिहिले आणि तोच ग्रंथ अकबराच्या चितेऱ्यांसमोर परत हिंदुस्थानात आला. मी एका तासाला मराठीतून सिंह आणि सशाची गोष्ट शिकवते आणि दुसऱ्या तासाला उर्दूतून. दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत, हे मुलांना सांगायचे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. ते मला ताईंनी दिले.

मग त्यांनी फाईलमधून एक रंगीत प्रत काढली. 'लौर-चंदा'चे एक पान. सोळाव्या शतकातली ही सचित्र हस्तलिखित पोथी म्युझियमच्या मौल्यवान ठेव्यांपैकी एक. चित्र आणि मजकूर दोन्हींची प्रत होती. ती हातोहात फिरत असताना मागच्या रांगेतल्या एका मुलीने बोट ठेवले आणि म्हणाली, "टीचर, ये तो पढ़ा जा रहा है." ताईंनी बोलणे थांबवले. म्हणाल्या, "मला ही लिपी येत नाही गं. काय लिहिलंय?" मुलगी लाजली, मग अडखळत वाचू लागली. चंदा हे नाव लागले. पुढचे शब्द जुळत होते, पण अर्थ लागेना. "टीचर, उर्दू है पर उर्दू नहीं है." तेव्हा रायबरेलीकडच्या एका मुलाने पुढे होऊन म्हटले, "अरे, ऐसा तो मेरी दादी बोलती है."

आजी बोलते ते बरोबरच होते. ती अवधी आहे. मुल्ला दाऊद हे कवी रायबरेलीजवळच्या डलमऊचे. फिरोजशहा तुघलकाच्या काळात, १३७९ च्या सुमारास त्यांनी लोरिक आणि चंदा यांची प्रेमकथा लिहिली. लोरिक हा गवळ्यांच्या लोकगीतांतला वीर. लिहिणारा मुल्ला, नायक अहिर, भाषा अवधी, लिपी फारसी, आणि पोथी मुंबईत. बदायूनी हा अकबराच्या काळचा इतिहासकार लिहून ठेवतो की दिल्लीचे एक शेख मशिदीच्या मिंबरवरून प्रवचन करताना या काव्यातल्या ओळी म्हणत, लोक तल्लीन होत. बदायूनी स्वतः कडवा माणूस, अकबराच्या धोरणांवर सतत चिडलेला, त्यामुळे त्याची ही नोंद मला अधिक मोलाची वाटते. हे मी तिथेच, ताईंच्या परवानगीने, मुलांना सांगितले. ताई वहीत टिपून घेत होत्या. त्या दिवशी गाईड कोण होते, मला ठरवता येणार नाही. वाचणारी मुलगी, आजीवाला मुलगा, ताई की मी?

कुणी म्हणेल, मग मुसलमान मुलांना मुसलमान गाईडच हवा, असे तुमचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. बौद्ध लेणी, पण विसाव्या शतकात ती जगाला नीट दाखवली ती निजामाच्या हैदराबादने. १९१४ मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. ढासळणारी चित्रे वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. यझदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला, पहिला भाग १९३० चा, शेवटचा १९५५ चा. पंचवीस वर्षे एक मुसलमान विद्वान जातककथांतले राजे, हत्ती आणि बोधिसत्त्व जगाला समजावून सांगत होता. त्याच्याही आधी, १९०९ ते ११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅमने चित्रांच्या नकला करवल्या, तेव्हा नंदलाल बोस यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे चित्रकार त्या अंधाऱ्या लेण्यांत काम करत होते. अजिंठा-वेरूळला आजही कितीतरी मुसलमान गाईड अवलोकितेश्वराची कथा सांगून घर चालवतात. सांगणारा कुठल्या घरातला आहे, हे मी विचारत नाही. समोरच्याला प्रश्न विचारू देतो की नाही, एवढेच पाहते.

आता आम्ही काय करतो, ते विचाराल तर सांगते. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर उपयोगी पडेल. अख्ख्या म्युझियमसाठी गाईड घेत नाही. चाळीस मुलांचा गट तर कधीच नाही. वीस-वीसचे दोन करतो. पहिला अर्धा तास मोकळा. पळू द्या, पेंढ्याचे वाघ पाहू द्या, नाहीतर त्यांचे चित्त तिथेच अडकून राहते. नंतर फक्त एक दालन गाईडबरोबर, पाऊण तास. कुठले दालन, हे आठ दिवस आधी वर्गात ठरवतो आणि त्यातल्या दोन वस्तूंची चित्रे फळ्यावर लावतो. गाईडला सुरुवातीलाच सांगते की मुलांना उर्दू-अरबी अक्षरे वाचता येतात, कुठे लेख असेल तर आधी त्यांना वाचू द्या. बहुतेक गाईड खूश होतात. रोज तेच तेच बोलून त्यांनाही कंटाळा येत असणार. आणि गाईड चुकला तर मी तिथेच, अदबीने, पण सर्वांसमोर बोलते. हे शिकायला मला ती काठीवाली सहल लागली.

सहलीनंतरचा गृहपाठही बदलला. निबंध नको. घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिची पाटी लिहा, चार ओळींत, म्युझियममध्ये असते तशी. गेल्या वर्षी पितळी पानदान आले, कोकणातून आलेला अडकित्ता आला, तमिळ अक्षरे असलेले भांडे आले. एका मुलाने रिकाम्या हाताने येऊन सांगितले, वस्तू आहे, पण दादा सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दादाच वर्गाच्या दारात उभे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले रेशनकार्ड, पत्ता जनता कॉलनी, ट्रॉम्बे.

जनता कॉलनी आता नाही. अणुशक्ती केंद्राला जागा हवी म्हणून १७ मे १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, ती वस्ती हलवली गेली. हजारो कुटुंबे चीता कॅम्पमध्ये आणली गेली, आणि आमची शाळा त्यांच्याच नातवंडांची आहे. तिथे कुठलेही म्युझियम नाही, भिंत नाही, पाटी नाही. मी खुर्ची पुढे केली. "चाचा, बैठिए. आप बताइए, बच्चे सुनेंगे."

ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "टीचरजी, पहले ये लोग पूछें. जो पूछेंगे, वो बताऊँगा."

पहिला हात पंख्याखालच्या बाकावरून वर गेला.